शाळेत बांधकाम शिकवायचे, पण कसे?

तमिळनाडूत अकरावी-बारावीच्या व्यावसायिक शाखेत ‘बेसिक सिव्हिल इंजिनिअरिंग’ नावाचा विषय आहे. त्याला सरकारी पाठ्यपुस्तक आहे, लेखी परीक्षा आहे, प्रात्यक्षिक आहे. महाराष्ट्रातही टेक्निकल हायस्कुलांची आणि बारावीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची परंपरा जुनी आहे. म्हणजे सोय नाही असे कोणी म्हणू शकत नाही. तरीही दहावीपर्यंत गणित एका तासाला, विज्ञान दुसऱ्या तासाला आणि चित्रकला आठवड्यातून एकदा शिकलेल्या मुलापुढे अकरावीत वीट, सिमेंट, मोजणी आणि आराखडा असे आणखी चार सुटे धडे ठेवले, तर त्याला बांधकाम कळते का? माझ्या मते कळत नाही. त्याला बांधकामाविषयीची माहिती मिळते. तंत्रविषयांची सांगड घालायची तर ती एखाद्या खऱ्या, पुढे वापरात येणाऱ्या कामाभोवतीच घालावी लागते. वेळापत्रकात एका नावाखाली चार विषय बसवून ती घालता येत नाही. शिवाय हे अकरावीला आणि निवडक मुलांसाठी सुरू करणे म्हणजे उशीर झाला. ते आठवीपासून आणि सगळ्यांसाठी हवे. हे म्हणणे तपासून पाहायला तंजावरसारखी जागा नाही. दोन हजार वर्षांचे जलबांधकाम, हजार वर्षांचे दगडी मंदिर आणि मराठी राजाने दोनशे वर्षांपूर्वी काढलेल्या ‘नवविद्ये’च्या शाळा, असे सारे एका जिल्ह्यात तिथे पाहायला मिळते.

सुरुवात 1808 सालच्या एका अपघातापासून करू. विल्यम लॅम्बटन दक्षिण भारताची त्रिकोणमितीय मोजणी करत होता. कावेरीचा त्रिभुज प्रदेश सपाट, त्यात नारळाची दाट झाडी, आणि दुर्बीण ठेवायला टेकडी म्हणून कुठे नाही. म्हणून त्याने देवळांची गोपुरे आणि शिखरे हीच मोजणीची ठाणी केली. तंजावरला बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर त्याने आपला सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट दोरखंड आणि कप्प्यांच्या साहाय्याने चढवायला घेतला. एक दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि तीन फूट व्यासाचे त्याचे अंशांचे चक्र वाकडे झाले. कोन मोजणारे चक्रच वाकडे झाले म्हणजे मोजणीच थांबली. लॅम्बटनने सपाट फळीवर त्या चक्राच्या मूळ मापाचे वर्तुळ आखले, आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या लावून चक्राची कड थोडी थोडी ओढत त्या रेषेवर आणली. या कामात सुमारे सहा आठवडे गेले. त्यानंतर त्याच यंत्राने मोजणी पुढे चालू झाली. या एका प्रसंगात दोराची ताकद आहे, कप्पीचे गणित आहे, वर्तुळाची भूमिती आहे, धातूचा लवचिकपणा आहे आणि लोहाराचा हात आहे. यातला कुठला भाग ‘विज्ञान’ आणि कुठला ‘कार्यशाळा’, हे ठरवत बसायला तिथे कोणाला सवड नव्हती. काम अडले होते, आणि कामाने जे ज्ञान मागितले ते एकत्र आले.

तंजावर जिल्ह्यातच कल्लणै आहे. चोळ राजा करिकालाच्या नावाने ओळखला जाणारा हा बंधारा साधारण दुसऱ्या शतकातला मानतात. लांबी सुमारे 329 मीटर, रुंदी सुमारे 20 मीटर. त्याचे महत्त्व आकारात नाही, तो वाळूवर उभा आहे यात आहे. कावेरीच्या पात्रात खडक लागेपर्यंत खणणे शक्य नव्हते. मग मोठमोठे दगड वाळूवर टाकायचे. प्रवाह दगडाखालची वाळू धुऊन नेतो, दगड खाली बसतो. त्यावर पुन्हा दगड टाकायचे. असे करता करता एका पातळीला खचणे थांबते आणि पाया तयार होतो. 1830 च्या सुमारास आर्थर कॉटन हा इंग्रज लष्करी इंजिनिअर इथे आला, तेव्हा वाळूत पाया कसा धरायचा हे आपण या जुन्या कारागिरांकडून शिकलो असे त्याने स्वतः नोंदवून ठेवले. त्याच समजुतीवर त्याने 1836 मध्ये वरच्या बाजूला, कावेरीतून फुटणाऱ्या कोळ्ळिडम नदीवर बंधारा घातला, आणि पुढे गोदावरीवर धवळेश्वरमचा. कोळ्ळिडमचे पात्र कावेरीपेक्षा सखल आणि जास्त उताराचे असल्याने पाणी तिकडे धावत होते आणि कावेरी गाळाने भरत चालली होती. वरचा बंधारा झाल्यावर उलटे झाले. कावेरीत पाणी जास्त येऊ लागले आणि त्या वरच्या बंधाऱ्याची उंची मध्यभागी कमी करावी लागली. थोड्याशा पातळीच्या फरकाने तंजावरच्या शेताचे नशीब फिरते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. शाळेत मात्र ‘पातळी’ हा शब्द भूगोलात समुद्रसपाटीच्या संदर्भात येतो, विज्ञानात द्रवाच्या, आणि गणितात तो येतच नाही.

मराठी वाचकाला तंजावर म्हटले की सरस्वती महाल ग्रंथालय आठवते आणि सरफोजी राजे आठवतात, ते योग्यच आहे. 1798 ला गादीवर आलेल्या दुसऱ्या सरफोजींनी ‘नवविद्या कलानिधी’ नावाने शाळा काढली आणि तिथे भाषांबरोबर नवी शास्त्रे शिकवण्याची व्यवस्था केली. 1805 च्या सुमारास देवनागरी टाइपांचा छापखाना उभारला, आणि 1806 मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी रूप, ‘बालबोध मुक्तावली’, तंजावरला छापले गेले. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यातून तर जगाचा भूगोल सांगितला आहे. ज्ञान लोकांच्या भाषेत आणि लोकांना रुचणाऱ्या रूपात द्यायचे ही दृष्टी त्यांच्याकडे होती, आणि त्या काळात ती दुर्मीळ होती. बांधकामाचेही त्यांना वेड होते. समुद्रकिनाऱ्यावरचा ‘मनोरा’ हा आठ मजली षट्कोनी बुरूज त्यांनी 1814-15 मध्ये उभारला. त्याआधी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता; राजांकडे किल्ला, राजवाडा आणि महसुलातला ठरलेला हिस्सा उरला होता. कालवे, बंधारे आणि रस्ते ही मोठी कामे त्यांच्या हातात राहिली नव्हती. नवविद्येच्या शाळेला शिकवण्यासारखे सर्वांत मोठे काम जिल्ह्यात होते, पण ते दुसऱ्याच्या ताब्यात होते.

त्याच सुमारास मद्रासमध्ये नेमकी दुसऱ्या टोकाची शाळा चालू होती. 1794 मध्ये मायकेल टॉपिंगच्या प्रयत्नातून तिथे मोजणीची शाळा निघाली. आठ मुलांपासून सुरू झालेली ही शाळा पुढे गिंडीचे इंजिनिअरिंग कॉलेज झाली. तिथे पोरे कोवळ्या वयातच साखळी धरून रानात जात, नकाशे काढत आणि आकडेमोड करत. त्यांना काम भरपूर मिळाले, पण व्यापक शिक्षण नव्हते. कंपनीला मोजणीदार हवे होते, ते तिने घडवले. सरफोजींच्या शाळेत व्यापक शिक्षण होते, पण मोठे काम नव्हते. या दोन शाळा तंजावरात एकत्र आल्या असत्या तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आजही आपली व्यवस्था या दोन टोकांमध्येच वाटली गेली आहे. एकीकडे पुस्तकांची शाळा, दुसरीकडे कामगार घडवणारी आयटीआय, आणि मधली जागा रिकामी.

ती रिकामी जागा कशाने भरायची, हे एका उदाहरणाने दाखवतो. तमिळनाडूत 2003 पासून प्रत्येक इमारतीला छतावरच्या पावसाचे पाणी जमिनीत जिरवण्याची किंवा साठवण्याची सोय सक्तीची आहे. शाळांच्या आवारात असे शोषखड्डे आहेत, आणि त्यांतले कित्येक गाळाने बुजतात. तंजावरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पाऊस मोठा. तेव्हा आठवी-नववीच्या वर्गाला जूनमध्ये एकच काम द्यावे: शाळेच्या छतावरचे पाणी आवारातल्या खड्ड्यापर्यंत नेणारी वीस मीटरची विटांची गटार बांधायची आणि खड्डा दुरुस्त करायचा. पहिला प्रश्न पाण्याचा. छप्पर 100 चौरस मीटर आणि पाऊस 50 मिलिमीटर, तर पाणी किती? 100 गुणिले 0.05 म्हणजे 5 घनमीटर, पाच हजार लिटर. दशांश अपूर्णांक आणि घनफळ इथे पहिल्यांदा काही तरी सांगू लागतात. दुसरा प्रश्न उताराचा. शंभराला एक उतार द्यायचा तर वीस मीटरला वीस सेंटिमीटरचा फरक लागतो. या सपाट मुलखात ते वीस सेंटिमीटर सापडतील का? ते पाहायला गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोके दोन ठिकाणी धरतो. दोन्हीकडचे पाणी एका पातळीत येते, आणि तिथे पेन्सिलीने खूण करतो. विज्ञानाच्या पुस्तकातला ‘जोडलेल्या भांड्यांचा नियम’ तो हाच. मुलाने नळीतला हवेचा बुडबुडा न काढता खूण केली की खूण चुकते, आणि का चुकली हे त्याला स्वतः शोधावे लागते. तिथे त्याला दाबाचा धडा कळतो.

मग आखणी. गटारीचा काटकोन दोरीने काढायचा तर तीन-चार-पाच. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट आणि तिरप्या रेषेत बरोबर पाच फूट आले की कोपरा नव्वद अंशांचा. पायथागोरसचे प्रमेय वहीत सिद्ध करणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना हे माहीत नसते, आणि रोज हे करणाऱ्या गवंड्याला पायथागोरस माहीत नसतो. दोघांची गाठ शाळेत पडली पाहिजे. नंतर विटा. प्रमाणित वीट 19 गुणिले 9 गुणिले 9 सेंटिमीटरची; मसाल्यासकट 20 गुणिले 10 गुणिले 10 धरली तर एका घनमीटर बांधकामाला पाचशे विटा लागतात. पण तंजावरच्या भट्टीची वीट या मापाची नसते. ती मोजून, मसाल्याची जाडी धरून नवा आकडा काढायचा. यात गणिताबरोबर आपल्या मुलखाची मापेही येतात, आणि पुस्तकातला आकडा जसाच्या तसा उचलायचा नसतो हेही मुलांना उमगते. शेवटी काँक्रीट. पन्नास किलोच्या सिमेंटच्या पोत्याला पंचवीस लिटर पाणी, म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण निम्मे. थापीला सोपे जावे म्हणून पाणी वाढवले की माल ओतायला बरा पडतो, पण सिमेंटशी रासायनिक संयोग न झालेले पाणी मागे पोकळ्या सोडते आणि काँक्रीट कमकुवत होते. मुलांनी दोन प्रमाणांचे छोटे ठोकळे पाडावेत, किमान सात दिवस ओले ठेवावेत आणि मग हातोडीखाली तोडून पाहावेत. रसायनशास्त्राचा हा धडा विसरता येत नाही. यात खर्चाचा ताळेबंदही आला, मजुरीचा हिशेबही आला. तंजावरच्या सरस्वती महालात आणि तमिळ विद्यापीठात मोडी कागदपत्रांचा मोठा साठा आहे, त्यांत दरबारच्या खर्चाचे हिशेब आहेत. आपल्या कामाचा हिशेब लिहिणाऱ्या वर्गाने दोनशे वर्षांपूर्वीचा एखादा हिशेब वाचून पाहिला तर इतिहासही कामाला लागतो.

शहराच्या अंगावरही असा धडा आहे. बृहदीश्वराशेजारी शिवगंगा तलाव आहे. त्यातले पाणी जमिनीखालच्या वाहिन्यांतून, ज्यांना तिथे ‘जलसूत्रम्’ म्हणतात, शहरातल्या अय्यनकुळमसारख्या तळ्यांत आणि विहिरींत नेण्याची व्यवस्था शतकांपूर्वी होती. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. अलीकडे शहर सुधारणेच्या कामात या वाहिनीचा शोध घेऊन अय्यनकुळमला पुन्हा पाणी आणले गेले. शाळेच्या आवारात वीस सेंटिमीटरसाठी झगडलेल्या मुलांना अख्ख्या शहराचा उतार सांभाळणाऱ्या त्या कारागिरांची कामगिरी कळेल. फक्त सहलीत तळे पाहून आलेल्या मुलांना ती कळण्याचा संभव कमी.

यावर कोणी म्हणेल, विषय एकत्र करण्याचे प्रयोग झाले आहेत आणि फसलेही आहेत. खरे आहे, आणि ते कुठे फसले हेच पाहण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेने 2006 पासून दहावी ते बारावीच्या वर्गांत ‘सिव्हिल टेक्नॉलॉजी’ नावाचा एकच विषय आणला आणि पूर्वी वेगवेगळे असलेले बांधकाम, सुतारकाम, प्लंबिंग त्यात सामावले. हेतू उदात्त होता: मूल एका धंद्याला जखडले जाऊ नये. पण शिक्षक एकेका धंद्यात तयार झालेले होते. सुतारकाम शिकवणाऱ्याने नळजोडणी पुस्तकातून वाचून दाखवायची, अशी वेळ आली. विषय रुंद झाला, खोली गेली. दहा वर्षांनी, 2016 पासून, त्यांनी त्या विषयाच्या पुन्हा तीन शाखा केल्या: बांधकाम, लाकूडकाम आणि नागरी सेवा, म्हणजे नळजोडणीसारखी कामे. सोबत तांत्रिक गणित आणि तांत्रिक विज्ञान असे वेगळे विषय दिले, आणि एकूण गुणांचा चौथा हिस्सा वर्षभराच्या प्रत्यक्ष कामाला ठेवला. यावरून एकत्रीकरण वाईट असा निष्कर्ष काढणे मला चूक वाटते. त्यांनी पुस्तके एकत्र केली होती, काम एकत्र केले नव्हते. धंदे जोडण्यापेक्षा एका कामात गणित, विज्ञान आणि हात जोडणे जास्त सोपे आणि जास्त फलदायी आहे. गटारीच्या कामाला सुताराची गरज थोडीच लागते, पण गणिताची गरज क्षणोक्षणी पडते.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून घडलेला ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय 1987 मध्ये महाराष्ट्राच्या एसएससी बोर्डाने मान्य केला. आठवी ते दहावी, आठवड्यातून एक दिवस, आणि विषयाचे चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, आणि घर-आरोग्य. मुले वेल्डिंग करतात, विटा रचतात, माती तपासतात आणि गावाला उपयोगी पडणारी कामे करून देतात. शिकवणारे बहुधा त्याच परिसरातले कसबी लोक असतात. तिथेच विकसित झालेल्या ‘पाबळ डोम’ची घुमटघरे 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर भागात बांधली गेली. त्या घुमटाचा सांगाडा त्रिकोणांचा; चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही, हे सूत्र तिथे पोरांच्या हातात लोखंडी पट्टीच्या रूपाने येते. पाबळचे यश अभ्यासक्रमाच्या मांडणीत आहे. विषय आधी ठरवून मग काम शोधले नाही. गावाला काय हवे ते आधी पाहिले. या विषयाला बोर्डाचे गुण आहेत, हीही मोठी गोष्ट. गुण नसते तर शाळांनी तो दिवस केव्हाच गणिताच्या जादा तासाला दिला असता.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप, आणि तो तमिळनाडूत तरी टाळताच येत नाही. 1953 मध्ये मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजाजी यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. शाळा रोज तीन तास, उरलेल्या वेळात मुलाने बापाचा धंदा शिकायचा. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव दिले आणि कडाडून विरोध केला. 1954 मध्ये राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराजांनी योजना मागे घेतली. तो विरोध बरोबर होता असे मी मानतो. कुंभाराच्या मुलाला चाक आणि ब्राह्मणाच्या मुलाला पुस्तक, असे ज्या व्यवस्थेतून निघेल ती शिक्षणाच्या नावाखाली जात टिकवते. म्हणून आज ‘हाताचे काम शाळेत आणा’ असे कोणी म्हटले की तमिळ मनाला शंका येते, आणि ती योग्य आहे. पण राजाजींच्या योजनेचा दोष हाताच्या कामात नव्हता. काम शाळेबाहेर, बापाकडे आणि जातीप्रमाणे दिले यात होता. काम शाळेत, सगळ्यांना सारखे, एकाच परीक्षेत आणि गणित-विज्ञानाशी बांधून दिले तर परिणाम नेमका उलटा होतो. वकिलाची मुलगी विटा लावते आणि बांधकामावरच्या मजुराचा मुलगा उताराचे गणित तिला समजावून सांगतो, कारण नळीचे तंत्र त्याने घरी पाहिलेले असते. म्हणूनच हा विषय ऐच्छिक असता कामा नये. ऐच्छिक केला की तो लगेच ‘कच्च्या’ मुलांचा होतो, आणि कच्ची मुले कोण ठरतात हे आपल्याला माहीत आहे. अकरावीची वेगळी व्यावसायिक शाखा मला याच कारणाने अपुरी वाटते.

गांधीजींच्या नई तालीमचा अनुभवही इथे पुढे केला जातो. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगातून सर्व विषय शिकवण्याचा, म्हणजे समवायाचा, आराखडा दिला. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत टकळी आली आणि तिच्याशी इतिहास, भूगोल, भाषा यांची ओढूनताणून जोड दिली गेली. सूतकताईतून सारे विषय निघायला हवेत हा आग्रह नई तालीमला जड गेला. बांधकामाची व्याप्ती मुळातच मोठी असल्याने तिथे ताण कमी पडतो. तरी सगळेच विषय त्यात कोंबायचा हट्ट धरू नये. कविता गटारीतून शिकवायची गरज नाही.

अर्थशास्त्राकडून येणारा आक्षेप फिलिप फॉस्टर याने 1965 मध्ये घानाच्या अनुभवावरून मांडला. त्याचे म्हणणे असे की शाळेत सुतारकाम शिकवले म्हणून मुले सुतार होत नाहीत. पगार आणि प्रतिष्ठा कचेरीच्या नोकरीत असेल तर मुले तिकडेच जातात, आणि व्यावसायिक शाळा हा सरकारचा भ्रम ठरतो. हा आक्षेप व्यावसायिक शाखांना बहुतांशी लागू पडतो. पण शाळेतल्या बांधकामाचा उद्देश गवंडी घडवणे हा असू नये, आणि तसा तो नसेल तर फॉस्टरचे माप इथे लागत नाही. जीवशास्त्र शिकणारी सगळी मुले डॉक्टर होत नाहीत, तरी ते आपण शिकवतो, कारण शरीर सगळ्यांना आहे. घरही सगळ्यांना आहे. 16 जुलै 2004 रोजी याच तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि 94 मुले गेली. छप्पर जळाऊ, खाली उतरायची वाट अरुंद. हे दोन दोष ओळखायला इंजिनिअर लागत नाही. इमारत वाचता येणारा पालक, शिक्षक किंवा मोठे मूल पुरते. इमारतीत शिरल्यावर दार कुठे उघडते, जिना किती रुंद आहे, तुळईला चीर कशी पडली आहे, हे पाहण्याची सवय ज्या समाजात असते तिथे ठेकेदाराला आणि अधिकाऱ्यालाही जपून वागावे लागते. ऑगस्ट 2018 मध्ये पुरात कोळ्ळिडमवरच्या कॉटनच्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे वाहून गेले. देखभाल म्हणजे काय, हे कळणारे नागरिक या त्रिभुज प्रदेशाला शेतीइतकेच हवे आहेत.

परीक्षेच्या अभ्यासाला वेळ उरणार नाही, ही पालकांची काळजी मात्र हलकी समजू नये. दहावीच्या गुणांवर मुलाचे बरेच काही अवलंबून असते. म्हणून हे काम वरून लादलेला नवा विषय म्हणून येऊ नये. घनफळ, प्रमाण, समरूप त्रिकोण, दाब, आम्ल-अल्कली, मृदा हे जे धडे तसेही शिकवायचे आहेत, त्यांचे तास या कामाला द्यावेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने सहावी ते आठवीच्या काळात दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. दहा दिवस ओळखीपुरते ठीक, पण एखादे काम तडीला न्यायला ते अपुरे आहेत. पाबळसारखा आठवड्यातला एक पूर्ण दिवस हाच मला किमान वाटतो, कारण दोन तासिकांत मसाला कालवून, वापरून, भांडी धुऊन वर्गात परतता येत नाही.

शिक्षकांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. दक्षिण आफ्रिकेत गाडी इथेच अडली. माझ्या मते एकाच माणसात गणित, विज्ञान आणि गवंडीकाम शोधू नये. दोन माणसे एका वेळी उभी करावीत: शाळेचा गणित-विज्ञानाचा शिक्षक आणि गावातला अनुभवी कोत्तनार, म्हणजे गवंडी. कोत्तनारला मानधन द्यावे, आणि पदवी नाही म्हणून त्याला ‘मदतनीस’ म्हणू नये. तमिळनाडूच्या बांधकामांवर घमेली उचलणाऱ्या बाया ‘सित्ताळ’ म्हणून आयुष्य काढतात. त्यांच्या हाती थापी क्वचित येते. शाळेने एखादी थापी चालवणारी बाई शिकवायला बोलावली, तर मुलींना आणि मुलांनाही जे दिसेल ते पाठ्यपुस्तकातल्या स्त्री-पुरुष समानतेच्या धड्यातून दिसत नाही. शिक्षकाला मात्र तयारी हवी: नळीची पातळी, तीन-चार-पाच, पाणी-सिमेंट प्रमाण यांचा स्वतः हाताने अनुभव. उन्हाळ्याच्या सुट्टीतली दोन आठवड्यांची शिबिरे यासाठी पुरेशी होतील, जर ती खुर्चीवर बसून ऐकायची नसतील.

आणि गुण कसे द्यायचे? इथे बांधकामासारखा सरळ विषय नाही. गटारीत बादलीभर पाणी ओतावे. ते खड्ड्यापर्यंत पोचते की मध्येच साचते, हे सगळ्यांना दिसते. साचले तर कुठे आणि का, हे मुलांनी लिहून द्यावे, आणि त्या कारणमीमांसेला बांधकामाइतकेच गुण द्यावेत. आराखडा, मोजणीची वही, खर्चाचा ताळेबंद आणि झालेले काम अशा चार गोष्टी बोर्डाकडून नेमलेल्या बाहेरच्या परीक्षकाने शाळेत येऊन पाहाव्यात. रूढीप्रमाणे मेट्टूर धरणाचे पाणी 12 जूनला सुटते आणि 28 जानेवारीला बंद होते. फेब्रुवारीत कालवे कोरडे असतात आणि शाळा चालू असते. आठवीत आवारातली गटार बांधलेला वर्ग दहावीत आपल्या गावच्या चारीचा दोनशे मीटरचा छेद घेऊन गाळ कुठे आणि किती साठला आहे याचा नकाशा पाटबंधारे खात्याला देऊ शकेल. पिढ्यान्‌पिढ्या गावाने मिळून तळी-कालवे राखण्याची ‘कुडिमरामत्तु’ ही पद्धत या मुलखात होती, आणि तमिळनाडू सरकारने 2016-17 पासून त्याच नावाने दुरुस्तीची योजना पुन्हा सुरू केली. अशा दुरुस्तीच्या कामात शाळेच्या वहीतले आकडे वापरले गेले, तर ती वही तपासायला वेगळा परीक्षक लागणार नाही. पुढच्या जूनमध्ये पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचते की नाही, यावरून ती तपासली जाईल.